मधलं अंडं

माणसाचं तोंड खोटं बोलेल, त्याचा परवाना तर हमखास खोटं बोलेल, पण गाडीवर बसलेल्या माणसाची पाठ कधी खोटं बोलत नाही, असं वोडेया तेवीस वर्षं सांगत आला होता. सांगत कसला, ठणकावत आला होता. म्बाले शहरात नदीवरच्या पुलाला लागून भाड्याच्या मोटरसायकलींचं, म्हणजे बोडांचं, जे स्टेज आहे, तिथला तो चेअरमन. एक्केचाळीस गाड्या, एक्केचाळीस नारिंगी जाकिटं आणि एक आंब्याचं झाड. झाडाखालच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याची पाठ वाचायची, ही त्याची चेअरमनकीही होती आणि करमणूकही.

"तो बघा, निळा शर्ट," तो हनुवटीनं दाखवायचा. "कोपरं बघा कशी ताठ. भिंत ढकलतोय जसा काही. खांदे कानाला टेकलेत. चारही बोटं ब्रेकवर. आता एखादं कुत्रं आडवं जाऊ दे, हा घाबरून पुढचा ब्रेक दाबणार आणि कुत्र्याच्या पायाशी लोटांगण घालणार."

सगळं स्टेज हसायचं. मग दुसरा कुणी दिसायचा.

"अरे अरे, दोन दुकानं मागं पडली तरी पाय अजून खालीच! बाबा रे, गाडी चालवतोयस की होडी वल्हवतोयस? आणि नजर कुठाय? पुढच्या चाकावर. चाक काय पळून जातंय? कालही तिथंच होतं, आजही तिथंच आहे!"

असला माणूस पुढच्या वळणावर आपटला आणि उठून रस्त्याला शिव्या घालायला लागला, की वोडेया मांडीवर थाप मारायचा. नाचता येईना अंगण वाकडं! आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकत नसे. म्हणून तर पुलावरच्या जाकिटाला शहरात मान होता. शाळेतल्या बाया आपली पोरं पुलावरच्याच गाडीवर पाठवायच्या.

त्या स्टेजवर नवा माणूस घ्यायची रीतही वोडेयाचीच. उमेदवारानं तीस अंड्यांचा ट्रे घेऊन यायचं. चेअरमन ट्रे मांडीवर धरून मागं बसणार. बाजारातून, मशिदीमागच्या खड्ड्यांतून, खाणीच्या चढावरून गाडी फिरवून परत झाडाखाली आणायची. तीसच्या तीस शाबूत आली तर कोपऱ्यावरची चपातीवाली ती फोडायची, चपात्यांत गुंडाळायची, सगळं स्टेज खायचं आणि नव्या माणसाला जाकीट मिळायचं. एक जरी फुटलं तरी उरलेली घेऊन घरी जा आणि बायकोला खायला घाल. "तीस अंडी, तीस साक्षीदार," वोडेया म्हणायचा. "लाच खात नाहीत."

दुसरा नियम याहून कडक. बाहेरच्या गाडीनं भाडं घेऊन पूल ओलांडायचा नाही. माणूस पुलाअलीकडे उतरवायचा, पुढं आमची गाडी नेईल. ऐकलं नाही तर चावी काढून घ्यायची आणि तासभर उभं करायचं. यातून सुटायला बाहेरचे लोक नाना सोंगं करायचे. मागच्याला घोंगडीत गुंडाळायचे आणि लांबूनच ओरडायचे, "पेशंट आहे, पेशंट!" एकदा तर त्या पेशंटनं पूल ओलांडल्यावर घोंगडी फेकली आणि नाचून दाखवलं. तेव्हापासून वोडेयाचं वाक्य ठरून गेलं होतं. तीन आठवड्यांमागं भर पावसात पोरांनी अशीच एक गाडी अडवली आणि विचारायला आली, तेव्हा तो शेंगदाण्याच्या कालवणाशी केळ्याचा मटोके खात होता. मान वर न करता म्हणाला, "प्रत्येक बाहेरच्याकडे पेशंटच असतो. उभा करा." आणि पुढचा घास घेतला.

एवढा दरारा असलेला माणूस त्या एप्रिलात मात्र रात्रंदिवस घोर लावून बसला होता. त्याची एकुलती एक लेक नाम्बोझो वर डोंगरात, बुशिका गावाकडे दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. वरून खाली यायचा रस्ता म्हणजे नुसती लाल चिखलाची घसरगुंडी. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला दरी. मोटार वर जात नाही. बाया खाली येतात त्या बोडावर बसूनच. लेकीला वेळेच्या आत मोठ्या दवाखान्यात आणायचं होतं, आणि एकदा गुडघा मोडल्यापासून वोडेया स्वतः डोंगरात गाडी घालत नव्हता. म्हणजे तिला आणायला कुणाची तरी पाठ निवडायची होती.

ती त्यानं निवडली होती. गिडुडू. स्टेजवरचा सगळ्यात देखणा चालवणारा. कोपरं सैल, गुडघे टाकीला घट्ट, पंजे पायदानावर, नजर पार लांबच्या वळणावर. वळणात असा कलायचा की बघत राहावं. "येत्या रविवारी गिडुडू वर जाईल आणि तिला घेऊन येईल," वोडेयानं घरी जाहीर केलं.

त्याची बायको खाइन्झा मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो ढवळत होती. "रविवारपर्यंत थांबतो असं पोरानं कळवलंय का तुला?" ती म्हणाली. "साऱ्या गावाच्या पाठी वाचतोस. घरात माझी पाठ वीस वर्षं दुखतेय, ती नाही वाचलीस कधी!"

"तुझी पाठ गाडीवर नाही," वोडेया म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी कुलोबा आला.

आला तो असा, की स्टेजवरच्या पोरांनी चहाचे पेले खाली ठेवले. चाळिशीचा, काटकुळा माणूस. पूर्ण पुढं सरकून पेट्रोलच्या टाकीवर चढून बसलेला, मागची निम्मी सीट रिकामी. कोपरं काठीसारखी ताठ. दोन्ही पाय खाली लोंबकळत, जमिनीपासून वीतभर वर. नजर चाकाच्या पुढच्या हातभर जागेवर. मान अशी धरलेली की जणू डोक्यावर हंडा आहे. गाडी पहिल्याच गिअरमध्ये घुरघुरत होती. आणि त्याच्या त्या रिकाम्या सीटवर दोरीनं बांधलेला तीस अंड्यांचा ट्रे.

"देवा रे," एक पोरगा पुटपुटला. "याला कुणी काल रात्री गाडी दिली?"

वोडेयाला तर मेजवानीच मिळाली. एकाच पाठीवर सगळा धडा! तो बाकावरून उठला, कुलोबाभोवती एक फेरी मारली आणि पोरांकडे वळून सुरू झाला. "बघून घ्या रे. पुन्हा मिळणार नाही. कोपरं बघा, पाय बघा. टाकीवर बसलाय, पेट्रोल उबवतोय का? किती दिवस चालवतोयस, भाऊ?"

"अकरा वर्षं," कुलोबा म्हणाला.

हशा पिकला. झाडावरचे बगळे उडाले.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं आणि अजून पाय खाली! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. हे बघा, सगळे ऐका. याची तीस अंडी शाबूत परत आली ना, तर मी मिशा उतरवीन. इथंच. चपातीवालीच्या सुरीनं!"

"काका, मला जाकीट का पाहिजे ते आधी सांगतो," कुलोबा म्हणाला. "आमच्या वरच्या बाजूला..."

"तू गप्प. इथं माणूस बोलत नाही, गाडी बोलते." वोडेया ट्रे मांडीवर घेऊन मागं बसला.

गाडी निघाली. बाजारातून गेली. मशिदीमागचे खड्डे आले. वोडेयानं सवयीनं पोट आवळलं, ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला. धक्का आला नाही. दुसरा खड्डा आला. धक्का आला नाही. ताठ हात पुढं थोडे वाकत होते का, पाय टेकून गाडी उचलली जात होती का, काय होत होतं कोण जाणे, पण मांडीवरचा ट्रे पाण्याच्या हौदात ठेवल्यासारखा निवांत होता. खाणीच्या चढावर, जिथं गिडुडूनंसुद्धा आपल्या परीक्षेत वोडेयाचे दात वाजवले होते, तिथं वोडेयाला जांभई आली.

जांभई आली आणि पाठोपाठ घाम फुटला. हे कसं होतंय? समोर तीच पाठ होती, सगळ्या चुका ठळक दिसत होत्या. कोपरं ताठ. पाय खाली. नजर चाकावर. मग अंडी का फुटत नाहीत? तेवीस वर्षांत पाठीनं एक सांगितलं आणि अंड्यांनी दुसरं, असं कधी झालं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर आंब्याचं झाड आलं, झाडाखालची चाळीस तोंडं आली, चपातीवालीची सुरी आली. मिशांचं तर सोडा, उद्यापासून पोरं आपल्या बोलण्यावर हसतील, आणि गिडुडूची पाठ आपण कशी वाचली असा प्रश्न पडेल, आणि त्या पाठीवर तर आपण लेक टाकायला निघालोय.

पूल दिसायला लागला. वोडेयानं डाव्या हाताचा अंगठा ट्रेच्या मध्यावर नेला आणि एका अंड्यावर दाबला.

आवाज जेमतेम झाला. बलक त्याच्या पँटीवर उतरला. झाडाखाली गाडी थांबली तेव्हा त्यानं ट्रे वर धरून सगळ्यांना दाखवला. "एकोणतीस!"

असा काही आरडाओरडा झाला म्हणता! कुलोबा गाडीवरून उतरला, ट्रेकडे बघितलं, मग वोडेयाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. एकोणतीस अंडी पुन्हा दोरीनं बांधली आणि पाय लोंबकळवत निघून गेला. पोरांनी मागून शिट्ट्या मारल्या. एक गिडुडू मात्र शिट्टी मारत नव्हता, पण ते वोडेयाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी खाइन्झानं त्याचा हात धरून बघितला. "अंगठ्याच्या नखात पिवळं काय आहे? स्टेजवर स्वयंपाकाला लावलं का तुला?"

"तू तुझं काम कर," तो खेकसला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी सकाळपासूनचा पाऊस जरा उघडला होता. नदी लाल होऊन वाहत होती. वोडेया बाकावर होता. पुलापलीकडे उतारावर एक गाडी दिसली आणि गिडुडूच्या शेजारी बसलेला एक पोरगा ओरडला, "चेअरमन! तुमचा अंडीवाला!"

तोच. टाकीवर चढून बसलेला, पाय वल्ह्यांसारखे दोन्हीकडे, मान ताठ. चिखलानं इतका माखलेला की माणूस कुठं संपतो आणि गाडी कुठं सुरू होते ते कळू नये. मागं कुणीतरी बसलेलं होतं. निळ्या प्लास्टिकच्या कागदात डोक्यापासून गुंडाळलेलं, एका कापडानं त्याच्या कमरेला बांधलेलं. गाडी थांबायला तयार नव्हती. सरळ पुलावर आली.

वोडेयाच्या मनात सोमवारचं अंडं अजून चिकटलेलंच होतं. हा माणूस समोर दिसला आणि त्याला संतापच आला. आपण ज्याच्याशी लबाडी केली तोच जास्त डोळ्यांत खुपतो, ही माणसाची जातच आहे. "नापास झालास तरी पूल ओलांडतोस?" तो मोडका गुडघा ओढत पुलावर धावला. "बघा रे, बघा ही पाठ! याच्यामागं जो बसलाय त्याला आईबाप नाहीत काय? कुणी बसवलं असेल असल्या नवशिक्याच्या मागं!"

"काका, सोडा. पेशंट आहे," कुलोबा म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "वेळ नाही. हात जोडतो, सोडा."

"प्रत्येक बाहेरच्याकडे पेशंटच असतो!" वोडेयानं वाकून चावी फिरवली, उपसली, आणि या खेपेला तासाभरावर त्याचं भागलं नाही. त्यानं हात मागं नेला आणि चावी नदीत भिरकावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

निळा कागद हलला. आतून आवाज आला.

"बाबा."

टाळ्या थांबायला वेळ लागला. वोडेयाला तर ऐकू आलं ते कळायलाच वेळ लागला. त्यानं कागद बाजूला केला. नाम्बोझो. तोंड राखेसारखं, ओठ दातांनी फुटलेला, कपाळ कुलोबाच्या दोन खांद्यांच्या मधोमध टेकवलेलं.

"बाबा, काय केलंत हो?" ती म्हणाली.

वोडेयाचा हात अजून तसाच वर होता, चावी फेकलेला. तो त्या हाताकडे बघत राहिला, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"पहाटे पाणी गेलं," कुलोबा सांगत होता, वोडेयाला नाही, सगळ्यांनाच. "सहा तास झाले निघून. खालचा रस्ता वाहून गेलाय. ही तुमची मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं, काका. मला तिच्या नवऱ्यानं बोलावलं."

गिडुडूनं आपली गाडी जवळ आणली. "हिच्यावर बसवा. दोन मिनिटांत पोहोचवतो."

"मी उतरणार नाही," नाम्बोझो म्हणाली. "पाय हलवला तर इथंच होईल. पोर आडवं आहे, वरच्या सुईणीनं सांगितलंय. मी या माणसामागून उतरणार नाही."

"मग मी मागून पायानं रेटत नेतो." रस्त्यात बंद पडलेली गाडी पोरं अशीच नेतात, दुसऱ्या गाडीवरून पाय लावून.

"झटके बसतील," कुलोबा म्हणाला. "हातानं ढकला. सगळे मिळून ढकला, पण एकसारखं."

पुलापासून दवाखान्यापर्यंत पाऊण मैल सगळा चढ. वोडेयानं मागचा लोखंडी दांडा धरला. दोन्ही बाजूंना पोरं लागली. आणि जिथं एरवी एक्केचाळीस भोंगे वाजायचे त्या रस्त्यावरून एक बंद गाडी माणसांच्या हातांवर वर चालली.

वोडेयाच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर तीच पाठ होती. आता ती वाचण्यावाचून त्याला सुटका नव्हती. हा टाकीवर का चढून बसलाय? मागं पोट मावायला जागा पाहिजे म्हणून. नाम्बोझोच्या पोटाला त्याची पाठ कुठं लागत नव्हती. कळ आली की ती त्याचे दंड धरून पिळत होती, सगळा जीव लावून, आणि ती ताठ कोपरं तसूभर हलत नव्हती. सैल असती तर हँडल फिरलं असतं. गिडुडूचं फिरलं असतं. पाय खाली होते ते रस्ता चाचपत होते, प्रत्येक खळगा चाकाआधी पायाला कळत होता. आणि मान वळत नव्हती कारण तिथं तिचं डोकं टेकलं होतं. मान वळवली की तिला धक्का लागणार, कळ येणार.

बाप रे, वोडेयाच्या मनात आलं, मी तेवीस वर्षं पुढं बसलेला माणूसच बघत आलो.

गुडघ्यातून कळा येत होत्या. त्यानं दांडा सोडला नाही. चढाच्या शेवटी नाम्बोझोनं असा काही हंबरडा फोडला की कडेच्या केळीवाल्या बाया टोपल्या टाकून धावत आल्या आणि त्यांनीही हात लावले. दवाखान्याच्या दारात परिचारिकांनी ते बांधलेलं कापड कात्रीनं कापलं. गाठ सोडायला कुणाला वेळ नव्हता.

दीड तासानं खाइन्झा आतून बाहेर आली. निरोप मिळाल्याबरोबर धावत येऊन ती सरळ आतच गेली होती. "मुलगी," ती म्हणाली. "दोघी जिवंत आहेत. पोट कापून काढली. डॉक्टरीणबाई म्हणाली, अजून जरा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." मग ती रडली, मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "चावी नदीत टाकलीस म्हणे?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

व्हरांड्यात कुलोबा भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही दंडांवर नखांचे वळ होते, रक्त सुकलेलं. गिडुडू गाडीच्या तारा जोडून ती चालू करायच्या खटपटीत होता. वोडेया कुलोबाशेजारी जमिनीवर बसला. या माणसाच्या पायांवर डोकं ठेवावं की तोंड लपवून पळून जावं, हे त्याला कळत नव्हतं.

"सोमवारचं अंडं," तो म्हणाला. "मी फोडलं."

"माहितेय."

"माहितेय? कसं?"

"मधलं फुटलं होतं, काका. धक्क्यानं आधी कडेची जातात. मी रोज वरून अंडी आणतो. मधलं कधी एकटं फुटत नाही."

वोडेयाच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. तीस साक्षीदार! आणि तेवीस वर्षं अंडी मांडीवर घेऊनही ही एवढीशी गोष्ट त्याला माहीत नव्हती. "मग तिथल्या तिथं बोलला का नाहीस? चार लोकांत माझं तोंड का नाही काळं केलंस?"

"तुम्ही म्हणालात ना, माणूस बोलत नाही, गाडी बोलते."

"जाकीट घे," वोडेया घाईघाईनं म्हणाला. अंगातलं स्वतःचं नारिंगी जाकीट काढायला लागला. "हे घे. एक नंबरचं आहे. बाजारातली सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं तुला देतो, शाळेची पोरं देतो..."

"मला इथलं गिऱ्हाईक नको," कुलोबा म्हणाला. "मी वर राहतो, माझी कामं वर आहेत. जाकीट पाहिजे होतं ते फक्त पूल ओलांडायला."

"पूल?"

"तीन आठवड्यांमागं तुमच्या पोरांनी मला तासभर उभं केलं होतं. पाऊस होता. मागं नागुडी होती, आमच्या खालच्या वाडीतली. मी पेशंट आहे म्हणून ओरडत होतो." त्यानं आवाज चढवला नाही. "नागुडीला डॉक्टरांनी वाचवलं. तिच्या पोराला नाही. मग मी म्हटलं, जाकीटच घेऊन टाकावं. पुन्हा कुणी अडवणार नाही."

शेंगदाण्याचं कालवण. वोडेयाला आधी आठवली ती कालवणाची चव. मग स्वतःचा आवाज. मान वर न करता, घास तोंडात ठेवून. तो वळला. गिडुडू तारा हातात धरून तसाच उभा होता, डोळे बुटांवर.

"तू होतास?"

"सोमवारी बघितल्या बघितल्या ओळखलं मी त्याला," गिडुडू म्हणाला. "सांगायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी चावी मी काढली, चेअरमन. पण विचारायला मी तुमच्याकडे आलो होतो."

आतून लहान पोरीचं रडणं ऐकू येत होतं. कोवळं, खणखणीत रडणं. वोडेया ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याला ते सहन होईना.

"मला तिच्याकडे ने," तो कुलोबाचा हात धरून म्हणाला. "नागुडीकडे. आत्ताच्या आत्ता. तिच्या पाया पडतो. ती मारील तर मार खातो."

कुलोबा उठला. चिखलाची पँट झटकली, पण चिखल वाळून घट्ट झाला होता. "आज नको, काका," तो म्हणाला. "आज तुम्ही आजोबा झालात. आज त्या दारात उभे राहू नका."

तारा जुळल्या, गाडी सुरू झाली. टाकीवर चढून, पाय सोडून, मान न वळवता कुलोबा उतारावरून दिसेनासा झाला. मागची निम्मी सीट रिकामी होती. एक नंबरचं जाकीट मात्र त्यानं नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर आलेल्या पोरांना बाक रिकामा दिसला. वोडेया नदीत होता. कमरेइतक्या लाल पाण्यात, काठी टेकत, पायानं गाळ चाचपत. गिडुडू कठड्यावरून ओरडला, "चेअरमन, पाणी चढतंय! त्याला दुसरी चावी करून देऊ ना आपण!"

"द्या करून," वोडेया म्हणाला आणि पाऊल पुढं टाकून पुन्हा गाळात पाय घातला.

तेवढ्यात पलीकडून बाहेरची एक गाडी पुलावर आली. चालवणारा खरोखरच कच्चा होता, खांदे कानाला टेकलेले, वळणाचा दिवा उगाच लुकलुकत होता. मागं घोंगडीत कुणीतरी होतं. पोरं सवयीनं पुढं झाली, थांबली आणि खाली नदीकडे बघायला लागली.

वोडेयानं मान वर केली. "घोंगडी उघडून बघ आधी," तो गिडुडूला म्हणाला. "नीट बघ. आणि मग काय दिसतंय ते मला मोठ्यानं सांग."